व्याह्यांसमोरचा कुलर

मुलीच्या साक्षगंधात मी एकच काम अंगावर घेतलं, आणि तेवढंच सोयरिकीच्या मुळावर आलं.

काम म्हणजे सजावट. दिग्रसच्या बाजारातून मी लालभडक क्रेप पेपर आणला. (पिवळाही होता. देवा, तो का नाही घेतला!) फुलं केली, झालरी केल्या आणि उरलेल्या लांब पट्ट्या कुलरच्या जाळीला बांधल्या.

"अहो, कुलरले कागद कायले?" बायको म्हणाली. "ओला झाला का रंग सोडते तो."

"पाव्हण्यायले हवा नुसती लागून भागत नाही, दिसली पाह्यजे!"

व्याही आले. कापसाचे व्यापारी, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा. मानाची खुर्ची अर्थातच कुलरसमोर. पट्ट्या काय फडफडत होत्या! मी धन्य झालो. पाचेक मिनिटं.

आमचा कुलर हवेबरोबर थोडं पाणीही फेकतो. (नवा घ्या, असं बायको दर उन्हाळ्यात सांगते.) अचानक मुलाची आत्या किंचाळली, "दादा, तुह्या कपायातून रगत!"

व्याह्यांनी कपाळावर हात फिरवला, लाल तळवा पाहिला आणि खुर्चीतच कलंडले.

"ऊन लागलं त्यायले! हवा द्या, हवा!" असं ओरडणारा मीच. धावत कुलरच्या मागे गेलो, बादलीभर पाणी ओतलं, पंखा फुल केला.

पुढचं होळीलाही होत नाही! विहीणबाईंची मोतिया पैठणी, गुरुजींचं उपरणं, पेढ्यांचं ताट, खुद्द नवरदेव, सगळं गुलाबी! लोक "बंद करा" म्हणून ओरडत होते. पण त्या घरघरीत मला ऐकू येतंय कुठं? मी दुसरी बादली ओतली.

व्याही शुद्धीवर आले आणि चपला शोधू लागले. दाराआड माझी लेक हुंदके देत होती. मी हात जोडले, "मोडू नका जी. चूक माही हाय, पोरीची नाही."

त्यांनी गुलाबी मिशी पुसली. "सोयरिक नाही मोडत. पण लग्न आमच्या दारात. अन् मांडवात तुम्ही कायलेच हात लावाचा नाही!"

साक्षगंधाचा फोटो त्यांच्या बैठकीत टांगलाय. सगळे डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. कुलरमागे असल्यामुळे निष्कलंक राहिलेला एकटा मी! नवा पाहुणा हमखास विचारतो, "हे कोण? घरातले नाही वाटत."

विहीणबाई शांतपणे सांगतात, "कुलरवाला."

मी तिथंच चहा पीत बसलेला असलो, तरी दुरुस्ती करत नाही.