चिखलीचा कुत्रा काय खात होता?

उत्खननात उपसलेली माती काम संपल्यावर परत खड्ड्यात लोटतात. किस्से कुठे लोटणार? ते साठतच जातात!

सत्तरच्या दशकात आम्ही चिखलीजवळ नदीकाठी एक जुनी वस्ती खणत होतो. मी ड्राफ्ट्समन, नकाशे काढायचो. हाडांचं खातं काळेबाईंकडे. बाईंना एकाच प्रश्नानं पछाडलं होतं: तीन हजार वर्षांपूर्वी इथला कुत्रा काय खात होता? घरचं, की उकिरड्यावरचं?

मी म्हणायचो, "बाई, आज आपल्याला जेवायला काय मिळणार ते आधी बघा!"

*

शिफ्ट सुटली की जवळच्या कंपनीतले कामगार सायकली टेकवून बघायला यायचे.

"सोनं घावलं का, भाऊ?"

"नाही. हाडं. कुत्र्यानं चावलेली."

एकानं टोपलीत वाकून बघितलं. "आमच्या कँटीनच्या मटणातबी हीच असत्यात. तिथं कुनी खणाया येत न्हाई राव!"

*

कुत्र्यानं चावलेल्या हाडावर नेमक्या कशा खुणा उरतात, ते बाईंना ताजं बघायचं होतं. म्हणून पिंपरीच्या बाजारातून बकऱ्याची दहा हाडं आणली, त्यांवर शाईनं नंबर टाकले आणि ती कँपवरच्या मोत्याला दिली. नऊ परत मिळाली. सात नंबर गायब. 'खाल्लं', असं बाईंनी वहीत लिहून टाकलं.

चार दिवसांनी शेवंताबाई खड्ड्यातून ओरडल्या. त्या गावातल्याच, सकाळी खणायच्या, दुपारी कँपच्या भाकऱ्या थापायच्या.

"अवो बाई, ह्या हाडावर नंबर आदीच पडलाय!"

मोत्यानं सात नंबर थेट तीन हजार वर्षांमागं पुरला होता. बाई हसून हसून खड्ड्याच्या काठावरच बसल्या.

*

कुत्र्याची जुनी विष्ठा दगडासारखी होते, आणि त्यानं काय खाल्लं ते तिच्यात सापडतं. बाईंनी असा एक तुकडा बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवला आणि पुण्याला न्यायला माझ्याकडे दिला. निगडीहून बस पकडली. डबा मांडीवर.

"काय एवढं जपताय? पेढे?" कंडक्टरनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. खरं ऐकून शेजारचा माणूस उठून लांब जाऊन उभा राहिला.

कंडक्टर शांत. "तीन हजार वर्षं म्हणता? मग ठेवा डबा सीटवर. एवढ्या म्हाताऱ्याला मांडीवर कशाला!"

*

मग एका घराच्या जमिनीखाली कुत्र्याचा अख्खा सापळा निघाला. जबड्यात दात जवळजवळ नाहीतच, आणि त्यांच्या जागा हाडानं भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही तो बरेच दिवस जगला होता! बाईंना जेवण सुचेना. "कुणीतरी ह्याला मऊ करून घातलंय," त्या सारख्या म्हणत होत्या. दोन वर्षं त्या ह्याचीच वाट बघत होत्या.

शनिवारी आमचे प्रमुख, सर, पुण्याहून आले. त्यांनी जबडा फिरवून फिरवून पाहिला.

"काळेबाई, हा नुसता तर्क. माणसांनाच जेमतेम मिळत असणार. त्यात म्हाताऱ्या कुत्र्याला कोण भरवत बसणार? हा भाग अहवालातून काढून टाका."

बाईंनी जबडा परत कापसात गुंडाळला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

जेवायला बसलो. सरांनी खिसा चाचपला, मग पिशवी. कवळी पुण्यालाच राहिली होती! पुढ्यात बाजरीची कडक भाकरी. सर नुसतेच ताटाकडे बघत बसले.

शेवंताबाईंनी त्यांचं ताट ओढून घेतलं. भाकरी गरम आमटीत कुस्करली, बोटांनी चांगली मऊ केली आणि ताट परत सरकवलं.

"खावा सायेब."

सर खाली मान घालून जेवत राहिले. ताट पार पुसून झाल्यावर म्हणाले, "काळेबाई, कुत्र्याचा भाग अहवालात राहू द्या."

मग ताट पुढं केलं. "शेवंताबाई, अजून अर्धी कुस्करा."