निफाडचा फेब्रुवारी

विश्वंभर मोहित्यांनी तीस वर्षं वाइनच्या टाक्या बांधल्या आणि वाइनचा थेंब कधी जिभेला लावला नाही. यात त्यांचं पुण्य किती आणि गुजरातच्या दारूबंदीचं किती, ते देव जाणे. बडोद्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यात स्टीलच्या टाक्या तयार व्हायच्या, साध्या पाण्याने भरून तपासल्या जायच्या आणि ट्रकवर चढून नाशिककडे निघून जायच्या. प्रतापनगरच्या त्यांच्या सोसायटीतले शेजारी विचारायचे, "मोहितेभाई, टांकी भरेली मोकलो छो के खाली?" म्हणजे टाकी भरलेली पाठवता की रिकामी. मोहिते दरवेळी हसायचे. तीस वर्षांत या विनोदाला त्यांनी दुसरं उत्तर शोधलं नव्हतं.

काम वरवर सोपं दिसतं. द्राक्षांचा रस टाकीत गेला की आंबायला लागतो, आणि आंबता आंबता स्वतःच तापतो. पांढऱ्या वाइनचा रस पंधरा अंशांच्या आसपास राहिला तर द्राक्षाचा वास वाइनमध्ये उतरतो. पंचविशीला गेला की तो वास उडतो, आणि मग कितीही गार करा, तो काही परत येत नाही. म्हणून टाकीला बाहेरून स्टीलचं आणखी एक अस्तर असतं, आणि मधल्या फटीतून थंडगार पाणी फिरतं. ते पाणी गार करायला बाहेर चिलर नावाचं धूड उभं असतं. म्हणजे मोठा फ्रीजच. बाहेर जितकं ऊन, तितकी त्याची दमछाक. त्याने किती उन्हापर्यंत टिकायचं, हा आकडा ठरवायचं काम मोहित्यांचं. आणि तो आकडा होता बत्तीस.

हा आकडा त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी कारखान्याची निफाडमधली पहिली टाकी बसवायला ते स्वतः तिथे गेले होते, ऐन फेब्रुवारीत. सकाळी दात वाजत होते. दुपारी दोनला त्यांनी थर्मामीटर लावला, तर सत्तावीस. वर पाच अंश हाताशी ठेवले, झाले बत्तीस. मे महिन्यात ऊन चाळिशीला जातं हे त्यांनाही कळत होतं, पण तेव्हा टाकीत तयार वाइन नुसती पडून असते आणि तिला थंड ठेवायला चिलरची निम्मी ताकद पुरते. खरी ओढाताण रस आंबतो तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत. गणित चोख होतं. फक्त त्याला पाव शतक उलटून गेलं होतं.

गेल्या डिसेंबरात योगिनीने त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवला. ही मुलगी सयाजीगंजातल्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन दोन वर्षांपूर्वी कारखान्यात आली होती. बोलायची कमी, पण आकड्यांना पक्की.

"काका, गेल्या पाच वर्षांतल्या फेब्रुवारीच्या दुपारी आहेत या. पस्तीस, छत्तीस, एकदा तर सदतीस. नाशिकच्या या ऑर्डरला आपण चाळीस धरू या."

मोहित्यांनी कागद चष्म्याखालून पाहिला न पाहिल्यासारखा केला. "पोरी, मी निफाडला मफलर बांधून उभा राहिलोय. तू मोबाइलवर हवामान बघतेस."

बाजूचे दोघं-तिघं हसले. योगिनीने कागद उचलला आणि ती जागेवर जाऊन बसली. त्याच आठवड्यात नाशिकहून शलाकाताईंचा फोन आला. निफाडच्या ज्या वायनरीची ही ऑर्डर होती, तिथे वाइन करण्याची सगळी जबाबदारी त्यांची. त्यांनी सरळच विचारलं, "मोहितेकाका, बत्तीस पुरेल ना? हल्ली ऊन लवकर पडतं."

"शलाकाताई, फेब्रुवारी म्हणजे हिवाळा. निर्धास्त राहा," मोहिते म्हणाले.

जानेवारीत तीन टाक्या आणि चिलर रवाना झाले. आणि फेब्रुवारी उजाडताच मोहित्यांच्या जिवाला घोर लागला. लोकांसमोर ऐकायचं नाही आणि एकटं असताना कुरतडत बसायचं, ही त्यांची जुनी खोड. ज्या मोबाइलवरच्या हवामानाची त्यांनी टर उडवली होती, तेच आता ते तासातासाला चोरून बघायला लागले. बडोद्याच्या वर निफाडचं नाव. सकाळी अकराला एकोणतीस, बाराला बत्तीस. जेवताना डावा हात मोबाइलवर. देवपूजा चालू असताना मध्येच उठून फोन चार्जिंगला लावून आले, तेव्हा त्यांच्या पत्नी विमलताईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, निफाडला सोयरीक जमवताय का कुणाची?"

"काही नाही गं. सहज."

"सहज माणूस आमटीत दोनदा मीठ घालत नाही," विमलताई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

कारखान्यातही पायाला भिंगरी लागल्यासारखे फिरत होते. वेल्डरला उगाच टोचून बोलले. योगिनीच्या टेबलापाशी दोनदा जाऊन उभे राहिले आणि दोन्ही वेळा पंख्याबद्दल काहीतरी विचारून परतले. तो कागद तिच्याकडे अजून आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण जीभ रेटेना.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. मोबाइलवर सदतीस दिसत होतं.

"काका, चिलर बंद पडतोय," शलाकाताईंचा आवाज घाईचा, पण स्वच्छ होता. "चालू केला की दहा मिनिटांत परत बंद. तिन्ही टाक्या जोरात आंबतायत. एकोणीसवर आल्या."

मोहित्यांचं डोकं लगेच चाललं. चिलर बिघडला नव्हता. त्याला स्वतःची गरमी बाहेर टाकताच येत नव्हती, म्हणून जीव वाचवायला तो बंद होत होता. "चिलरच्या जाळीवर पाण्याची नळी सोडा, सतत. वर शेडनेट बांधा, ऊन अडवा. तेवढ्याने तो कण्हतकुथत चालेल. पण तिन्ही टाक्या एकदम ओढू शकणार नाही. एकीचं पाणी बंद करावं लागेल."

"कुठलीचं?"

चार हजार लिटरच्या तीन टाक्या, आणि शेकडो मैलांवर बसून हा माणूस सांगणार की यातली कुठली मरू द्यायची. शेवटी शलाकाताईच म्हणाल्या, "तिसरीचं करते. तिची द्राक्षं आधीच उशिरा, तापून आली होती."

"तिला ओली पोती गुंडाळा. पंखे लावा समोर. जमेल तेवढं," मोहिते म्हणाले. आपल्याकडे उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात, तेवढीच ही विद्या. तीस वर्षांच्या अनुभवातून ऐन वेळी हाताला लागली ती ही. फोन ठेवताना त्यांनी पाहिलं, योगिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती तशीच आपल्या जागेवर परतली. तिने दोन शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी निरोप आला. दोन टाक्या सतरावर उतरल्या होत्या. तिसरी सव्वीसला जाऊन मग खाली आली. आठवड्याने शलाकाताईंनी चव घेतली आणि कळवलं की तिसरीत काही उरलेलं नाही. वाइन आहे, पण द्राक्षाचा वास नाही. दुसऱ्या कशात तरी मिसळून टाकावी लागेल.

त्यानंतर मालक मयंकभाईंनी मोहित्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि एक पत्र समोर सरकवलं. मयंकभाई काही वाईट माणूस नव्हता. पत्रात लिहिलं होतं की चिलर बत्तीस अंशांसाठी दिला होता, त्या दिवशी तापमान सदतीस होतं, सबब नुकसानीची जबाबदारी कारखान्यावर येत नाही. खाली मोहित्यांचं नाव टाइप केलेलं, वर सहीपुरती जागा मोकळी.

"कागळ पाक्को छे, विश्वंभरभाई. सही करी दो."

कागद खरंच पक्का होता. एकही शब्द खोटा नव्हता. मोहित्यांनी पेन उघडलं, आणि त्यांना भयंकर लाज वाटली. शलाकाताईंनी विचारलं होतं. योगिनीने सांगितलं होतं. आणि आता सगळा दोष एकट्या उन्हाच्या माथी मारून आपण नामानिराळे. सैनिकांच्या घराण्यातले म्हणून सणासुदीला छाती काढून फिरणारा हा माणूस चूक कबूल करायच्या एका फोनला आठ दिवस घाबरत होता. त्यांनी पेन मिटलं, "एक मिनिट," म्हणाले आणि बाहेर टाक्यांच्या अंगणात जाऊन नंबर फिरवला.

"शलाकाताई, तुम्हाला आज एक पत्र येणार होतं. त्यातलं सगळं खरं आहे. पण पुरेल ना म्हणून तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी पुरेल म्हणालो. त्याच्या आधी आमच्या योगिनीने मला चाळीस धरायला सांगितलं होतं. आकडे समोर ठेवले होते तिने. मी तिला चारचौघांत गप्प बसवलं. चूक उन्हाची नाही, माझी आहे."

"डिसेंबरात कळलं असतं तर मी दुसरा चिलर भाड्याने आणून ठेवला असता," शलाकाताई म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात, म्हणून राहिले."

"हो, ताई."

"पुढच्या वर्षी आणखी दोन टाक्या घ्यायच्या आहेत. तुमच्याच कारखान्यात घेईन. पण काका, गणित तुम्ही करू नका."

हे वाक्य त्यांना आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. तरी ते म्हणाले, "नाही करणार."

आत येऊन त्यांनी पत्र सही न करताच मयंकभाईंसमोर ठेवलं. "माराथी सही नही थाय. आपण त्यांना मोठा चिलर द्यायला हवा."

मयंकभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "विचार करी लो, विश्वंभरभाई."

"विचार करीने ज आव्यो छुं."

मोहिते उत्तरासाठी थांबले नाहीत. सरळ योगिनीच्या टेबलापाशी गेले, आणि या वेळी पंख्याबद्दल काही विचारलं नाही. बाजूचे तेच दोघं-तिघं बसलेले होते, तेही बरंच झालं.

"योगिनी, डिसेंबरात तू बरोबर होतीस आणि मी चूक होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नाशिकच्या पुढच्या टाक्यांचं गणित तू करायचंस. शलाकाताईंनीच सांगितलंय."

योगिनी गडबडली. "आणि तुम्ही, काका?"

त्यांनी बाजूची खुर्ची ओढली, तिच्यासमोरचा कोरा कागद आपल्याकडे घेतला आणि चष्मा पुसला.

"तू तुझे आकडे वाच. मी लिहून घेतो."