बाईंच्या न्हाणीघराचं वेळापत्रक

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठून बाईंना सहा वर्षं झाली होती, पण ती खुर्ची काही बाईंमधून उठली नव्हती. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू तक्रार घेऊन दारात आला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "लेखी आणलीय का?"

आणली होती. करारात 'शांत जागा' असं बाईंनीच लिहिलं होतं आणि आता खाली त्यांच्याच न्हाणीघराच्या फरश्या फुटत होत्या. भाडेकरूचं पोट आवाजावर चालायचं. कपाटात शिरून, डोक्यावर रजई घेऊन तो कादंबऱ्या वाचायचा आणि रेकॉर्ड करायचा.

"बाई, नायिका लाजत 'हो' म्हणते आणि मधेच धाडकन हातोडा! सकाळपासून सात वेळा होकार दिलाय बिचारीनं."

बाईंना हसू आलं, पण चूक आपली हेही कळलं. त्यांनी पट्टी घेऊन वेळापत्रक आखलं आणि गवंड्याला बजावलं, "मिस्त्री, अकराला घंटा वाजली की हातोडा खाली. एक वाजता पुन्हा सुरू."

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी दीड वाजला तरी खाली सामसूम. बाई तरातरा गेल्या, तर मिस्त्री उलट्या बादलीवर बसलेला, पाइपासाठी छताला पाडलेल्या भोकाकडे कान लावून.

"मिस्त्री, तास संपला!"

"श्श! सासऱ्यानं पत्र लपवलंय, बाई. तिला पत्ताच नाही."

"कसलं पत्र?" म्हणत बाई सिमेंटच्या गोणीवर टेकल्या.

आठवड्याचं काम महिनाभर रेंगाळलं. बाई टॉवेल घेऊन रोज भावजयीकडे अंघोळीला जाऊ लागल्या. "एवढं काय चाललंय तुमच्याकडे?" तिनं विचारलं. "नाजूक प्रकरण आहे. सोळावं," बाई म्हणाल्या.

मग भाडेकरू दुसरी लेखी तक्रार घेऊन आला. खालून हुंदके आणि नाक शिंकरल्याचे आवाज रेकॉर्ड होत होते.

बाईंचे कान लाल झाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कानउघाडणी केलेली. माफी मागायची सवय कुठली? तरी मागितली. भाडेकरू विरघळला. कपाटासमोर त्यानं दोन खुर्च्या मांडल्या. अट एकच, रडू आलं तर जिन्यात जायचं.

कादंबरी संपली आणि न्हाणीघर दोन दिवसांत उरकलं. भाडेकरूनं करार वर्षभर वाढवून घेतला. मिस्त्री मात्र अधूनमधून फोन करतो, "बाई, स्वयंपाकघराचं कधी काढायचं?"