जीपला लावलेली पायरी

मला जीप चालवता येते, असं आमच्या घरात एकच माणूस म्हणायचा. तो मी होतो.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं जरा वेगळं होतं. "तू जीप चालवीत न्हाईस, आंबादास. जीप चालती, अन् तू तिच्यासंगं जातोस!" (आबा कमी बोलायचे. पण जे बोलायचे ते चार माणसांत बोलायचे.)

ही जीप आबांनी परभणीला एका लिलावात घेतली होती. पालमला आमची कोरडवाहू शेती. खताची पोती, पेंड, सरकी आणायला बरी म्हणून. तिला दरवाजे नव्हते. वरची ताडपत्री तीन ठिकाणी शिवलेली होती. आणि बसायची जागा इतकी उंच, की चढणाऱ्यानं आधी देवाचं नाव घ्यावं आणि मग पाय उचलावा! पण स्टिअरिंग! काय ते स्टिअरिंग होतं! मधोमध भोंग्याचं बटण, बाजूला दिव्याची दांडी. मी दारात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसून नुसतं ते चाक फिरवत राहायचो, आणि जाणारे-येणारे विचारायचे, "आंबादास, कुठवर आलास?" तेव्हा माझं वय सव्वीस होतं. (हे सांगायला नको होतं, पण आता सांगून झालं.)

आता मायबद्दल सांगतो. माझ्या आईचं, मायचं, माहेर चुडावा. पूर्णेच्या पुढचं, रेल्वे स्टेशनचं गाव. काही फार लांब नाही. पण त्या गावाला माय अकरा वर्षं गेली नव्हती.

झालं होतं असं. एका पंचमीला मामांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, निरोप धाडला, 'न्यायला येतो.' माय गाठोडं बांधून दोन दिवस ओसरीवर बसली. मामा आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीनं निघाली, आणि चुडाव्याला उतरताना एसटीच्या उंच पायरीवरून घसरली. गुडघा जो दुखावला तो कायमचा. लंगडत घरी पोचली, तर मामा दारातच उभे. लागलं का, वगैरे विचारायचं सोडून म्हणाले, "येवढी काय घाई झालती तुला?"

माय तिथूनच मागं फिरली. "जवर तू न्यायला येत न्हाईस, तवर तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई!"

"नको ठिवूस!" मामा म्हणाले.

एकाच आईची लेकरं. दोघांनीही शब्द पाळला.

पण माय माहेर विसरली होती असं नाही. पालमच्या बाजारात पूर्णेकडचा कुणी दिसला, की ती त्याला हटकून विचारायची, "चुडाव्याकडचा हायस का रं?" तो हो म्हणाला की त्याच्या हाती कारळाच्या चटणीचा डबा. "दादासाठी न्हाई बरं का! वहिनीसाठी हाय!" (वहिनीला कारळाची चटणी खाल्ली की खोकला व्हायचा, हे दोन जिल्ह्यांना माहीत होतं.) पालमला रेल्वे नाही. तरी दुपारी भाकरी थापता थापता माय मध्येच हात थांबवायची आणि म्हणायची, "ऐक. गाडी आली बग चुडाव्याला." आबासुद्धा ऐकल्यासारखं करायचे.

आणि एक दिवस निरोप आला, मामा कडब्याच्या गंजीवरून पडले. पाय मोडला. मांडीपर्यंत पलस्तर!

मायनं ताट बाजूला सारलं. "मला जायचंय."

"दारात पाय ठेवनार न्हाईस म्हनलीस की," आबा म्हणाले.

"न्हाईच ठेवनार. गाडीतून बघीन, अन् तशीच मागं फिरीन."

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. एसटी आज सुरू तर उद्या बंद. आणि एसटीची पायरी म्हटलं तरी मायचा गुडघा दुखायला लागायचा. राहिली आमची जीप. पण जीपपुढं एसटी म्हणजे उंबरठा! दोन माणसांनी उचलून ठेवल्याशिवाय माय आत बसणं शक्य नव्हतं, आणि कुणी उचलू म्हटलं की ती म्हणायची, "मी काय पोतं हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली. (माझ्या डोक्यातून आजवर निघालेल्या कल्पनांची यादी आबांना पाठ होती.) जीपच्या डाव्या अंगाला घडीची लोखंडी पायरी लावायची. सायकलच्या ब्रेकची तार तिला जोडायची, आणि तारेचं दुसरं टोक थेट स्टिअरिंगजवळ, एका दांडीला! चालवणाऱ्यानं जागेवरून दांडी ओढली, की पायरी खाली. सोडली की वर. माय राणीसारखी चढेल, राणीसारखी उतरेल. हो, उतरेल! गाडीत बसून मागं फिरीन म्हणते खरी, पण आपोआप पायापाशी पायरी आली तर कुणाला उतरावंसं वाटणार नाही?

पालमच्या गफूरचाचांनी दोन दिवसांत वेल्डिंग करून पायरी बसवली. तीस वर्षं लोखंडाशी बोलून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी मला समोर उभं केलं.

"देखो मियाँ, पैले गाडी खडी करना. फिर हँडब्रेक. फिर दांडी खींचना. चलती गाडी में खींचा, तो मेरेकू नक्को बोलना."

"हो चाचा."

"हो नक्को. बोलके दिखाव."

मी पाठ म्हणून दाखवलं. चाचांनी मान हलवली आणि मायकडं वळून म्हणाले, "अम्मा, पकडके बैठो."

निघालो. पायरी ठक् करून खाली आली, माय एका पायानं, मग दुसऱ्या पायानं चढली आणि बसली. आबांनी जीपभोवती एक चक्कर मारली, मायच्या हातात चटणीचा डबा दिला, आणि मला म्हणाले, "हळू ने." अख्ख्या जन्मात त्यांनी मला न टोमणा मारता दिलेला तो एकमेव सल्ला!

गंगेच्या पुलावर मायनं हात जोडले. पूर्णा मागं पडली तशी ती बोलायची थांबली. पदर सारखा करायची, पुन्हा करायची. एकदाच म्हणाली, "दाराम्होरं कडुलिंब हाय बग. लय मोठा. त्याच्याखाली दादा बसतो."

"मला माहीत हाय, माय."

मला माहीत होतं तेच नडलं. कारण कडुलिंब दोन वर्षांपूर्वी तोडला होता.

चुडाव्याच्या गल्लीत जीप शिरली तेव्हा मला मनात आख्खं चित्र दिसत होतं. भोंगा वाजेल, गाव बाहेर येईल, जीप कडुलिंबाखाली थांबते न थांबते तोच पायरी ठक् करून खाली येईल, आणि अकरा वर्षांनी माय... माझाच ऊर भरून आला! मी अंगठ्यानं भोंग्याचं बटण दाबलं. आणि दार जवळ आलंच असेल, तयारीत राहावं, म्हणून उरलेल्या बोटांनी दांडीही ओढून ठेवली. (गाडी खडी? हँडब्रेक? चाचा पालमला होते.)

पायरी ठक् करून खाली आली.

पुढं काय झालं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. डाव्या हाताला एका घराच्या दारात बाज टाकलेली होती. बाजेवर पलस्तरातला पाय लांब करून, बशीत चहा ओतून घेऊन मामा बसले होते. आमची पायरी बाजेच्या दोऱ्यांत गेली, अडकली, आणि बाज निघाली.

मामांसकट!

जीपला हिसका बसला. मला वाटलं, इंजिन दमलं. मी पाय दाबला. इकडं भोंग्याचं बटण आत गेलं ते बाहेरच येईना! भोंऽऽऽ! गल्लीतले लोक घराघरातून धावत आले, हात वर करून ओरडू लागले. केवढं हे स्वागत! मी एक हात सोडून सगळ्यांना नमस्कार केला.

माय डावीकडं वाकून ओरडत होती, "दादा! दादा!"

माहेर बघून गहिवरली, असं मला वाटलं. म्हटलं, रडू दे. अकरा वर्षांचं आहे.

"आरं आंबादास, दादा!"

"दिसतील की, माय! कडुलिंब येऊ दे!"

मायनं माझा दंड धरून चिमटा काढला. मी म्हटलं, आनंदाला माणूस काय काय करतो! आणि कडुलिंब शोधत पुढं. मारुतीचं देऊळ गेलं, पिठाची गिरणी गेली. माझा वेग बैलगाडीएवढा होता, त्यामुळं अर्धं गाव आरामात शेजारून चालत होतं. त्यातला एकजण तर वाकून बाजेवरच्या माणसाशी बोलत होता! नंतर कळलं, तो विचारत होता, "तात्या, कुठं निघालात?" आणि मामा म्हणाले होते, "मला काय माहीत? गाडीवाल्याला इचार!"

गाव संपलं, कडुलिंब आला नाही. पुढं रेल्वेचं फाटक होतं आणि ते बंद होतं, म्हणून मी थांबलो. उघडं असतं तर मामांना नांदेड दिसलं असतं.

फाटकवाला झेंडी घेऊन धावत आला. त्यानं आधी बाजेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जीपच्या नाकाडाखाली हात घालून त्यानं भोंग्याची तार उपटली. अचानक सगळीकडं शांतता झाली. त्या शांततेत तो म्हणाला, "पेशंट हाय का? दवाखाना मागं राहिला."

मी वळून पाहिलं. मामा! हातात बशी होती. चहा मात्र गल्लीभर सांडत आला होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ओरडलो, "माय, थांब, पायरी बाजेत अडकलीय! मी आलो!"

पण माय ऐकायला जागेवर नव्हती. जिला एक इंच उंचीची भीती वाटायची, ती माझी माय त्या उंच जीपवरून पायरीबियरी न बघता सरळ खाली उतरली होती. धावत जाऊन ती बाजेच्या कडेला बसली. मामांचा पाय चाचपला, हात चाचपले, तोंडावरून हात फिरवला. "लागलं का रं दादा? कुठं लागलं का?"

मामांनी बशी खाली ठेवली. तिच्याकडं पाहिलं. त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते, तिचेही. दोघांनी एकमेकांचे पांढरे केस पहिल्यांदाच पाहिले.

"हेच इचारायचं राहिलं होतं मला, तवा," मामा म्हणाले. "लागलं का म्हनून."

माय रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. "न्यायला आलास न्हवं का शेवटी!"

"आलो की!" मामांनी डोळे पुसले. "जरा उशीर झाला. बैल आजारी होता."

फाटकातून गाडी गेली. आगगाडी गेली तरी दोघं तिथंच, रुळाशेजारी बाजेवर बसून होती. चटणीचा डबा उघडला गेला. लोक भोवती उभे होते, पण मध्ये बोलायची कुणाची छाती नव्हती. मग बाज परत न्यायची वेळ झाली. चौघं पुढं झाले तसे मामा कडाडले, "चौघं नको! सहा जन लागा! चौघांनी नेलं तर लोक आंघोळी करतील!" सहा जणांनी बाज उचलली. माय बाजेचा पाय धरून शेजारून चालत होती, लंगडत, आणि सारखं काहीतरी सांगत होती. दारात पाऊल ठेवताना ती क्षणभरही थांबली नाही.

माय तिथं महिनाभर राहिली. मी दुसऱ्या दिवशी परतलो. गफूरचाचांनी वाकडी झालेली पायरी हातात घेतली, माझ्याकडं पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "खडी?" मी मान खाली घातली. त्यांनी पायरी कापून काढली. आबांनी जीपची किल्ली कमरेला बांधली. पण संध्याकाळी चुलीपुढं एकटेच भाकरी करत बसले असताना म्हणाले, "हसली का रं ती?" मी हो म्हटलं. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि भाकरी करपवली.

पुढं दर पंचमीला मामा स्वतः न्यायला यायचे. रेल्वेनं, एसटीनं, मिळेल त्यानं. जीपनं कधीच नाही. मायला एसटीच्या पायरीवरून हात धरून तेच उतरवायचे. मग आबा गेले. मग माय गेली, आणि वर्षाच्या आत मामाही. जीप भंगारात गेली. आता माझ्या दारात बरी मोटार आहे, तिच्या स्टिअरिंगवर इतकी बटणं आहेत की मी कशालाच हात लावत नाही, मुलगी चालवते.

तरी वर्षातून एकदा मी चुडाव्याला जाऊन येतो. आमचं असं तिथं कुणी राहिलेलं नाही. का जातो, ते घरी सांगता येत नाही. मागच्या वेळी असाच दुपारी मामांच्या बंद दारासमोर उभा होतो. वाटलं, एकदा तरी आतून कुणी ओरडावं, शिव्या द्याव्यात, काय वाटेल ते म्हणावं. डोळे भरून आले.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं मला नीट न्याहाळलं, आणि तिचा चेहरा बदलला. ओळखलं! आता 'ये लेकरा, चहा घे' म्हणणार, म्हणून मी दोन पावलं पुढं टाकली.

म्हातारीनं घराकडं तोंड केलं आणि हाक मारली, "अगं ये सूनबाई! बाज आत घे! पालमचा भाचा आलाय!"

आणि मी स्टेशनवरून चालत आलो होतो हो!