क्लॅरी वुडगेट आणि टपालगाडीची खरखर

ऑस्ट्रेलियातल्या क्विल्पी गावात गाडीचं वायरिंग म्हणजे क्लॅरी वुडगेट, हे चाळीस वर्षं ठरून गेलेलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपात शिकलेला हा माणूस लग्नानंतर सासुरवाडीच्या गावी आला आणि इथलाच झाला. त्याच्या कामाची एक खूण होती. इथली लाल धूळ कुठूनही आत शिरते, म्हणून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला क्लॅरी एकच छिद्र पाडायचा. सगळ्या वायरी एका नळीत, नळी त्या छिद्रात, भोवती रबर. "शोधा धूळ!" असं म्हणून तो दार असं काही उघडायचा, की जणू पडदाच वर जातोय.

एका गुरुवारी सकाळी दहा वाजता नोरीन टॅरंटची टपालगाडी त्याच्या दारात येऊन थांबली. मागच्या फ्रिजसाठी क्लॅरीने परवाच तिला दुसरी बॅटरी आणि ती भरणारा चार्जर बसवून दिला होता. फ्रिजमध्ये आज म्हाताऱ्या ॲल्फ डनफीचं इन्शुलिन होतं. ॲल्फ राहायचा अगदी शेवटच्या गुरांच्या वाडीवर, दोनशे किलोमीटर लांब.

"ऐक तुझी करामत," म्हणत नोरीनने गाडीतला बोलायचा रेडिओ लावला. तापल्या तव्यावर मटण टाकावं तशी चरचर.

"इंजिन बंद केलं की थांबते?"

"थांबते. पण मी काय ढकलत नेऊ गाडी? वर पाऊस झालाय, क्लॅरी. वाटेतल्या नाल्याला पाणी किती ते ॲल्फची सून रेडिओवर सांगते, मगच मी गाडी पाण्यात घालते. एकपर्यंत नीट कर, नाहीतर उपट तो चार्जर."

"मग फ्रिज? इन्शुलिन?"

"या उन्हात नासेल. म्हणून तर तुझ्या डोक्यावर येऊन बसलेय ना!"

क्लॅरीने इंजिन चालू ठेवून चार्जरचा फ्यूज काढला. रेडिओतली खरखर बंद. म्हणजे खोड चार्जरचीच. त्याने अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हा आवळला. खरखर थोडी उतरली. चार्जरच्या वायरींवर खरखर शोषणारी फेराइटची कडी चढवली. आणखी थोडी उतरली, पण माणसाचा शब्द काही कळेना. साडेबारा झाले.

"दुसऱ्या जातीचा चार्जर मागवतो. मंगळवारी येईल."

"आणि तोवर ॲल्फला काय देऊ, गोड चहा?" नोरीन खाली वाकून बघत होती. "ही एरियलची वायर कुठून आणलीस रे?"

"कुठून म्हणजे? छिद्रातून. सगळ्यांबरोबर."

बोलता बोलता क्लॅरीही खाली वाकला. दोन मीटरभर एरियलची वायर चार्जरच्या जाड वायरींना चिकटून, त्याच्याच हातांनी घट्ट बांधलेली. तासाभरापूर्वी हे मनात आलं होतं आणि त्याने ते बाजूला सारलं होतं. त्याने एरियलची जुनी वायर काढली, एक नवी वायर खिडकीतून लांबून फिरवून रेडिओला जोडली आणि इंजिन चालू केलं. केबिन शांत झाली.

"नोरीन, दुसरं छिद्र पाडावं लागणार."

"तू पाडणार? थांब, चष्मा लावते!"

"लाव, आणि गावभर सांग. टॉर्च धर आधी."

ड्रिल फिरलं. नवी वायर चार्जरपासून दूर, पत्र्याच्या दुसऱ्या टोकाने आत आली. त्याने कडेला रबर बसवलं. एकला पाच कमी असताना नोरीनने रेडिओवर हाक दिली. ॲल्फच्या सुनेचा आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा आला, "पाणी गुडघ्याच्या खाली आहे, पण चढतंय. पाचच्या आत ये."

"निघालेच!"

गाडी वळणाआड गेली. क्लॅरीने हात पुसले आणि लांब पल्ल्याचा रेडिओ असलेल्या किती गाड्यांना आपण असा चार्जर बसवला, ते आठवून एका कागदावर उतरवलं. नऊ निघाल्या. जेवणाचा डबा बाजूला सारून त्याने पहिला नंबर फिरवला.

"क्लॅरी बोलतोय. तुझ्या रेडिओत खरखर येते का रे? ... मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "तू बसवलेलं म्हटल्यावर मला वाटलं, रेडिओच बिघडला असेल."