नानांचा सीलबंद डबा

पनवेलने समुद्राशी दिलेल्या सर्वांत प्रदीर्घ लढ्याचे सेनापती म्हणजे आमचे शेजारी नाना. शत्रू वाळू होती. रणभूमी होती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि डब्यात एक कॅमेरा.

नाना मामलेदार कचेरीत खजिन्याकडे कारकून होते. थैलीला फीत बांधायची, गाठीवर लाख ओतायची, लाखेवर ठसा उमटवायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू सील केल्याखेरीज सुरक्षित नाही, असे त्यांचे मत झाले होते. घरच्या लोणच्याच्या बरणीलाही लाख असे. मी जेवायला असलो की त्यांच्या पत्नी माई बत्त्याने ते सील फोडत आणि मला गंभीरपणे विचारत, "मास्तर, साक्षीदार हजर आहेत का?"

घडीचा, चामड्याच्या भात्याचा तो कॅमेरा नानांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतला. माई घाटावरच्या. लग्नापूर्वी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांच्या आईने तर कधीच नाही. "समुद्रापाशी उभी असलेली मी, एवढा एक फोटो आईला पाठवायचाय," ही माईंची एकुलती एक मागणी. दोघे उरणला गेले आणि पहिल्याच फेरीत वाळू शटरमध्ये शिरली. कळ दाबली की जात्यासारखा करकर आवाज येई. मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने कॅमेरा साफ करून दिला आणि बजावले, "याला वाळूपासून जपा." सरकारी माणसाला एकदा आदेश मिळाला की तो त्याचे कारण विसरतो आणि पालन करत राहतो.

पुढे कॅमेरा आधी माईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, मग मेणकापडात, मग डब्यात जाऊ लागला. झाकणाच्या कडेने लाख. "वाळू म्हणजे जावई," नाना म्हणत. "एकदा आत आला की बाहेर काढायची सोय नाही." ते स्वतःही कोणाचे तरी जावई आहेत, हे माई लक्षात आणून देत.

थंडी पडली की उरणची फेरी ठरलेली. वाऱ्याच्या बाजूने छत्री धरायला मला नेत. माई पाण्याकडे पाठ करून उभ्या राहत. नाना सतरंजी अंथरत, तिच्यावर चादर, चादरीवर डबा. मग वारा पडण्याची वाट पाहत. समुद्रावर वारा पडतो तेव्हा बहुधा सूर्यही पडलेला असतो. "आज उजेड गेला," असे म्हणून ते डबा न फोडताच उठत. अशा किती फेऱ्या झाल्या, मी मोजल्या नाहीत.

शेवटच्या फेरीला एक कोळीण पाटी डोक्यावर घेऊन बराच वेळ आमच्याकडे बघत थांबली.

"ओ दादा, बाय उभी राहून सुकली ना! आमी पन बोंबील असंच सुकवताव."

"वाळू उडतेय, दिसत नाही का?" नाना म्हणाले.

"दर्या हाय तो. वाळू नाय तं काय साखर उडंल?"

माई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. नानांनी काय मनावर घेतले कोण जाणे, डबा फोडला आणि त्या हसत असतानाच कळ दाबली. करकर झाली नाही. एवढा एकच फोटो. लगेच त्यांनी कॅमेरा गुंडाळला, मेणबत्ती पेटवली, आणि एसटीत कण शिरू नये म्हणून किनाऱ्यावरच डब्याला लाख लावली. फिल्मचा रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, हा त्यांचा नियम. "उरलेला पुढच्या वर्षी संपवू," माई म्हणाल्या. "समुद्र कुठे जातोय?"

समुद्र गेला नाही. त्या पावसाळ्यात माई तापाने गेल्या.

भेटायला येणारे भिंतीकडे पाहून फोटो विचारत. नाना फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवत. "आहे ना आत." मी दोनदा म्हटले, धुवायला देऊन येतो. "घाई काय आहे? सील शाबूत आहे." संध्याकाळी ओट्यावर बसत तेव्हा डबा शेजारी असे. लोणच्याच्या बरणीला लाख लावणे मात्र त्यांनी सोडले होते.

दिवाळीनंतर घाटावरून एक नातलग आला. माईंच्या आईचा निरोप होता: डोळे आहेत तोवर एकदा बघू दे. त्या दिवशी नानांनी बत्ता हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मास्तर, साक्षीदार हजर आहेत का?"

मी हजर होतो. झाकण निघाले तसा खोलीत उरणचा वास आला. लुगड्याचा तुकडा दमट होता. किनाऱ्यावरची खारी ओल त्या दिवशी कॅमेऱ्याबरोबर आत गेली होती आणि तिला बाहेर पडायला फट नव्हती. भिंगावर पांढरी बुरशी चढली होती. फोटोवाल्याने धुऊन दिलेल्या रोलवर नुसते डाग होते. समुद्र नव्हता, माईही नव्हत्या.

"वाळू निघाली का?" नानांनी त्याला विचारले.

"एक कण नाही."

नानांनी मान डोलावली, तपासणीत थैली बरोबर निघाल्यावर डोलवत तशी.

नाना गेल्यावर डबा माझ्याकडे आला. आम्ही त्यात चुरमुरे ठेवतो. पावसाळ्यातही सादळत नाहीत.