काच पाडलेली जीप

इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या त्या लग्नाचा विषय निघाला की अजूनही माझ्या तोंडची चव जाते. निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस विसरलो. ही काही विसरता आली नाही.

मी वाहतूक शाखेत सार्जंट होतो. ठाण्यात मराठी समजणारा मी एकटाच. लोकांना वाटतं, त्याचा फायदा होत असेल. कसला फायदा? समोरचा लगेच नातं जोडायला बघतो आणि आपल्याला दोन पावलं मागे सरकून बसावं लागतं.

शनिवारी दुपारी वायरलेसवर कॉल आला. शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर एका जुन्या लष्करी जीपने सायकलस्वाराला मागून उडवलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा जीप झुडपात घुसली होती आणि सायकलवरच्या शाळामास्तरांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. पाय मोडला होता, पण जिवाला धोका नव्हता. धडक मागून बसल्यामुळे त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

जीपजवळ साठीचे एक गृहस्थ उभे होते. अंगात जरीचं जाकीट, डोळ्यांवर जाड चष्मा. भाच्याचं लग्न उरकून घरी निघाले होते. "गाडी मीच चालवत होतो. खड्डा चुकवताना ताबा सुटला," त्यांनी न विचारताच सांगितलं. श्वासचाचणीत काही निघालं नाही. नवरदेव कुठे, विचारलं, तर म्हणाले, मागच्या गाडीतून बायकोबरोबर घरी गेला.

मी जीपभोवती फिरलो. पुढची काच उभी होती, पण बॉनेटवर झेंडूच्या पाकळ्या चिरडून चिकटल्या होत्या, बरोबर काचेच्या चौकटीच्या आकारात. उन्हाळ्याचे दिवस, दोन्ही बाजूंना शेतं, आणि काचेवर एकही किडा नाही! सीटच्या पाठीवर मात्र किडेच किडे. म्हणजे काच आडवी पाडून गाडी चालवली होती आणि अपघातानंतर ती घाईघाईने उभी केली होती. जो माणूस काचेबद्दल लपवतो, तो आणखीही काही लपवत असणार. फोटो काढले आणि मामांना सोमवारी जबाबासाठी बोलावलं.

सोमवारी ते आपल्या वकिलाबरोबर येऊन बसले, तेवढ्यात ठाण्यात माझ्यासाठी फोन आला. नवरी होती. इथेच जन्मलेली मुलगी.

"काका, तुम्ही ते मराठी सार्जंट ना? माझ्या हजबंडचा डोळा... इट्स रिअली बॅड. काल सत्यनारायणाला सगळ्यांना सांगितलं, धूपचा स्मोक गेला. पण तो स्मोक नाहीये, काका. पू येतोय. त्या साइडनी त्याला दिसतच नाही."

"हॉस्पिटलमध्ये का नेलं नाही?"

"तो ऐकतच नाही! मामांनी सांगितलंय, त्याचा व्हिसा रिन्यू होईपर्यंत कोणाला काही कळू द्यायचं नाही. प्लीज, समबडी हॅज टु डू समथिंग."

मी ताबडतोब ॲम्ब्युलन्स पाठवली. नवरदेवाने दारातूनच "आय ॲम फाइन" म्हणून ॲम्ब्युलन्स परत पाठवली. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला उचलून नेता येत नाही. मुलीकडून कळलं होतं की तो लहान असतानाच त्याचे वडील गेले आणि मामांनीच त्याला शिकवलं, इकडे आणलं. मामांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. डोळा वाचवायचा तर 'हॉस्पिटलमध्ये जा' हे मामांच्याच तोंडून वदवणं भाग होतं.

रेकॉर्डिंग सुरू केलं. हक्क समजावून सांगितले, दुभाष्या हवा का विचारलं. मामांनी दुभाष्या नको म्हटलं आणि पुन्हा तोच खड्डा सांगितला. मी फोटो पुढे ठेवले. ते पाकळ्यांकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "गाडी कोण चालवत होतं, हे मी आज नाही तर उद्या शोधून काढीन. मला घाई नाही. पण तुमच्या भाच्याच्या डोळ्यात पू झालाय आणि त्याने आत्ताच ॲम्ब्युलन्स परत पाठवली. तो फक्त तुमचं ऐकतो."

मामांनी चष्मा काढला. वकील काहीतरी सांगायला गेले, मामांनी त्यांना हातानेच थांबवलं. "मला फोन करू द्या," ते म्हणाले. फोनवर ते एवढंच बोलले, "बाळा, मी सगळं सांगतोय. तू जा. आत्ताच्या आत्ता जा."

मग सगळं बाहेर आलं. वरातीत हार दिसावेत आणि फोटो नीट यावेत म्हणून काच पाडली होती. परतताना नवरदेवाला जीप चालवायची हौस आली. पुढच्या ट्रॅक्टरच्या चाकाखालून खडे उडाले, एक थेट त्याच्या डोळ्यात, आणि जीप सायकलवर गेली. शेजारी बसलेले मामा चष्म्यामुळे वाचले.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोळा गेला.

नवरदेवाचा जबाब कधी घेता येईल ते विचारायला मी हॉस्पिटलमध्ये गेलो, तेव्हा मामा कॉरिडॉरमध्ये बसले होते. मला पाहून उठले. "साहेब, काच पाडून चालवल्याची शिक्षा किती असते?"

"त्या जीपची काच पाडता येते, तशीच बनवलीय ती. पाडून चालवणं हा एवढ्यानेच गुन्हा होत नाही," मी म्हणालो. "डोळ्यांत वारा-धूळ जाऊन नीट दिसत नसताना गाडी दामटली, तर तो निष्काळजीपणा. साधा गॉगल लावला असता, तरी पुष्कळ होतं."

"गुन्हाच नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी नाही म्हणालो. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की शनिवारीच आणलं असतं तर डोळा वाचायची आशा होती.

नवरदेवाला निष्काळजीपणाबद्दल दंड झाला. खोटा जबाब देऊन तपासाची दिशाभूल केल्याबद्दल मामांना कैदेची शिक्षा झाली, पण न्यायाधीशांनी ती स्थगित ठेवली. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो त्या दोघांवर नाही. आपली माणसं परक्या देशात कायद्याला इतकी भितात की कायदा काय म्हणतो हे विचारायलाही घाबरतात, त्याचा मला राग येतो. जखम झाली तर आधी हॉस्पिटल गाठा, पोलिसांचं नंतर बघता येतं, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

निकालानंतर ती मुलगी कोर्टाबाहेर माझ्याजवळ आली. नवरा पार्किंगमध्ये तिची वाट बघत उभा होता. "काका, मी संडेलाच फोन करायला पाहिजे होता," ती म्हणाली.

लग्नाचा दुसरा दिवस, घरभर सासरची माणसं, आणि ही शालू नेसून पाटावर त्याच्या शेजारी बसलेली. तो सुजलेला डोळा त्या घरात सगळ्यांनीच पाहिला होता.

"बेटा," मी म्हणालो, "फोन तू एकटीनेच केलास."